बाटलीचं पथ्य

आमच्याकडे गहू पाहुण्यांसाठी असायचा, नाहीतर आजाऱ्यासाठी. रोजची ती ज्वारीची भाकरी. सकाळी आई चुलीपुढे बसली की भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, मग शेजारच्या घरातून, मग त्याच्या पलीकडच्या, आणि कुणाच्या घरी आज उशीर झालाय हे आम्हा पोरींना अंथरुणातूनच कळायचं. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी, शेंगांची चटणी, हातानं फोडलेला कांदा, आणि गरम भाकरीचा पापुद्रा उचलून आत घातलेलं तेल-मीठ. हे खाऊन आमच्या बिदरकडच्या भालकीतली सगळी लेकरं वाढली, आणि सगळ्यांनाच त्याची थोडी लाज वाटायची. पोळी म्हणजे मोठेपणा. अमक्याची लेक पोळीच्या घरी पडली, असं सांगताना बायकांचा आवाज आपोआप चढायचा. घरात कुणाला ताप आला, पोट बिघडलं, की त्याला मऊ पोळी, दुधात बुडवलेला पाव, रव्याची पेज, बिस्किटं. भाकरी जड, गहू हलका, हे कुणी न शिकवता आम्हाला पाठ होतं. ताप आला की मी मनातून खूश व्हायचे, कारण बिस्किटाचा पुडा एकटीचा असायचा.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बस स्टँडसमोर मेडिकल होतं. साखर कारखाना सुरू झाला की गावभर मळीचा वास सुटायचा, पण दुकानात पाऊल टाकलं की स्पिरिटचा आणि खोकल्याच्या औषधाचा वास त्यावर मात करायचा. आमच्या वस्तीत औषधांचं शिक्षण घेऊन दुकान टाकणारे अप्पा पहिलेच. काउंटरवर ते तीन भाषांत बोलायचे. एकाला कन्नडमधून, दुसऱ्याला मराठीतून, तिसऱ्या म्हातारीला 'क्या हुआ अम्मा' असं दखनीतून, आणि तिन्ही भाषांत त्यांचा पहिला प्रश्न एकच, "काय खाल्लाव?" लोक वैतागायचे. डोकं दुखायलंय म्हणून गोळी मागायला आलेला माणूस, त्याला रात्रीच्या जेवणाचा हिशोब कशाला? पण अप्पांचं म्हणणं, निम्मी दुखणी ताटातून येतात आणि लोक ती पुडीतून घालवायला बघतात.

आम्ही बौद्ध. अप्पांच्या हातचं औषध सगळ्यांना चालायचं. गोळी कागदात असते, तिला काही लागत नाही. पण चुलीवर काय शिजावं आणि काय शिजू नये हे अप्पा सांगायला लागले की समोरच्याचा चेहरा जरा मिटायचा. कुणी उलटून बोलत नसे. "व्हय व्हय" म्हणायचे, गोळी घ्यायचे आणि जायचे. अप्पांना हे कळत होतं, मला फार उशिरा कळलं. आता त्याच काउंटरमागे मी बसते. गुडघे धरलेत, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढतोय. हैदराबादहून गावी येणारी पोरं माझ्याकडे ज्वारीच्या पिठाचं चकचकीत पाकीट मागतात, म्हणजे तिकडे डॉक्टरांनी त्यांना गहू बंद केलेला असतो. मी म्हणते, बाबांनो, तुमच्या आजीच्या कणगीत तेच आहे, फुकट. ते हसतात. मलाही हसू येतं, आणि मग अंबू आठवते.

अंबिका आज नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटी धक्का द्यायचा म्हणून माणसाचं मरण झाकून ठेवणारे लोक मला आवडत नाहीत. ती माझ्या वर्गात होती, माझ्याच बाकावर बसायची. भालकीजवळच्या खेड्यातून बसनं यायची. वडील विठ्ठलअण्णा ऊस लावायचे, घर खाऊनपिऊन सुखी, मराठ्यांचं. एकुलती लेक, आणि तिच्या अंगाला काही लागायचं नाही. हातपाय काड्या, पोट मात्र पुढे आलेलं, ओठ पांढरे. पोरं तिला बेडकी म्हणायची. तासाला दोनदा हात वर करून बाहेर पळायची आणि परत येऊन कुणाकडे न बघता बसायची. मी तिच्याहून वर्षभरानं लहान, पण शेजारी उभी राहिले की तिची मोठी बहीण वाटायचे.

तिची आई, गिरजाकाकू, दर बाजाराच्या दिवशी दुकानात यायची. जंताची गोळी, जुलाबाची गोळी, मीठ-साखरेची पुडी. तिच्या पिशवीत बेकरीतला पाव आणि बिस्किटांचे पुडे आधीच घेतलेले असायचे. अप्पांची नजर त्या पिशवीवर किती बाजार पडत होती कोण जाणे. एक दिवस त्यांनी विचारलं, "हे पाव-बिस्किट कुणासाठी, अक्का?"

"अंबीसाठी. दुसरं कोण खातंय आमच्यात?" काकू म्हणाली. "तिला भाकर देत न्हाई वो, अण्णा. पोट नाजूक हाय. पोळी, लापशी, दुधात बिस्किट, असलंच हलकं हलकं देतोय. तरी बी राहीना."

अप्पांनी तिला हातातलं सुटं परत दिलं आणि विठ्ठलअण्णांना घेऊन या म्हणाले. विठ्ठलअण्णा आल्यावर त्यांनी एकच आग्रह धरला, पोरीला हैदराबादला दाखवा, आणि तिथल्या डॉक्टरला ती काय खाते ते सगळं सांगा. ते गेले, कारण पोरीसाठी विठ्ठलअण्णा कुठेही गेले असते. तिथे डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढला, तपासला, आणि सांगितलं की हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. गहू कायमचा बंद. दुसरं औषध नाही.

परत आल्यावर विठ्ठलअण्णा दुकानात उभे राहून अप्पांवरच भडकले. "एवढं हैदराबादला जाऊन आलाव, साहेब, अन् साधी गोळी बी लिहून दिलं न्हाई. गोळीच न्हाई तर रोग कसला? नुसतं हे खाऊ नका म्हणायला डॉक्टर कशाला लागतंय?" त्यांची चूक नव्हती. आमच्याकडे पथ्य हे औषधाच्या मागून येतं. वैद्याचा काढा सुरू झाला की आंबट बंद, गोळी सुरू झाली की वांगं बंद, आणि औषध संपलं की आंघोळ घालून, गोडधोड करून पथ्य सोडायचं. औषधच नाही आणि पथ्य मात्र जन्माचं, हे बोलणं कुणाच्या कानाला शहाणपणाचं वाटणार? बिस्किटाचे पुडे पिशवीत येत राहिले. अंबू वर्गात आणखी वाळत गेली.

मग अप्पांनी एक युक्ती केली. लोह आणि जीवनसत्त्वांच्या टॉनिकची एक बाटली काढली. अंबूच्या अंगात रक्त नव्हतंच, तिला ती लागणार होतीच. बाटली कागदात गुंडाळून त्यांनी काकूच्या हातात दिली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे औषध लई कडक हाय, अक्का. ह्याच्यावर गव्हाचा एक घास जरी पडला तरी उलटतंय. पोळी न्हाई, रवा न्हाई, शेवया न्हाई. मैद्याचं काहीच न्हाई, म्हंजे पाव-बिस्किट बी न्हाई. बाटली चालू हाय तवर नुसती भाकर अन् भात."

"भाकर जड पडंल की वो."

"औषध कडक हाय म्हणलो न्हवं? त्याला जडच लागतंय."

दुसऱ्या दिवसापासून अंबूच्या डब्यात भाकरी आली. जे हैदराबादच्या डॉक्टरला जमलं नाही ते कागदात गुंडाळलेल्या एका बाटलीनं केलं. त्या संध्याकाळी आईनं अप्पांना टोकलं, "खोटं बोललाव की." अप्पा हात धूत होते. म्हणाले, "खोटं कुठं? औषधाला पथ्य लावतात, म्या पथ्याला औषध लावलो. गाडी उलटी जोडली, पण चालायली न्हवं?" आई हसली. मीही हसले. मला तर अप्पा फार हुशार वाटले, आणि गल्लीत चार जणींना सांगावंसं वाटलं, पण त्यांनी डोळे वटारले.

त्यानंतरचे दिवस मी पुन्हा पुन्हा आठवत बसते, कारण हातात आलेलं सुख एवढंच. महिन्या-दोन महिन्यांत तिचं पोट उतरलं. गालावर रंग आला. तासाला हात वर करणं थांबलं. केस दाट झाले तशी ती दोन वेण्या घालायला लागली आणि त्यांना लाल रिबिनी. शाळेच्या मैदानावर तिनं मला पळण्यात हरवलं, तेव्हा मी रागावले आणि घरी येऊन आईच्या कुशीत आनंदानं रडले. एकदा शाळा लवकर सुटली तर माझ्यासोबत घरी आली आणि सरळ चुलीजवळ जाऊन बसली. आई घुटमळली. मराठ्याची लेक आपल्या घरी जेवली हे कळलं तर? अंबू म्हणाली, "काकू, वाढा की. घरी सांगत न्हाई म्या." आई थापत गेली आणि ती खात गेली, तेल-मीठ लावून, पुंडीच्या भाजीबरोबर, बोटं चाटत. आजही आमच्या घरात कुणी चांगलं जेवलं की आई त्या दिवसाचं नाव काढते.

बाटल्या चालू होत्या तोवर सगळं चालू होतं. आम्ही कॉलेजात गेलो. पुढे मी फार्मसीला बिदरला गेले आणि अंबूचं स्थळ बघणं सुरू झालं. उदगीरचे किराणा व्यापारी, मुलगा प्रकाश, एकटाच. रोज पोळीचं घर. सुट्टीत मी दुकानात बसलेली असताना गिरजाकाकू आली. नवं लुगडं, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"अण्णा, आता बाटली नगं," ती म्हणाली. "पोरगी बरी झाली. उदगीरची लोकं बगायला यायलेत. औषध चालू हाय म्हणलं तर नाट लागंल."

अप्पा म्हणाले, "बाटली नका घेऊ. पथ्य तेवढं सोडू नका."

"औषध न्हाई तर पथ्य कशाचं?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग काउंटरवर दोन्ही हात टेकून त्यांनी तिला सगळं खरं सांगितलं. बाटली नुसती ताकदीची होती. गहू न खाणं हेच औषध. ती बरी झाली ती त्यानंच, आणि ते जन्मभराचं आहे.

काकूचा चेहरा उतरला नाही, कडक झाला. "म्हंजे इतकी वर्षं तुमी खोटं सांगितलाव?"

"तुमी ऐकत न्हवताव, अक्का. पोरगी हातची जायली होती."

"मग आता खरं बोलायलाव कशावरून?"

 मी शिकत होते, माझं पुस्तक तिच्यापुढे उघडलं, तिनं ते बाजूला सारलं.  मग काकू पुढे झुकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "जल्मभर म्हणू नगा वो, अण्णा. तुमच्या पाया पडते. पोळीच्या घरात जल्मभर भाकर खाणारी सून कोण करून घेतंय? एखादी गोळी द्या. एका दिवसापुरती का असंना, पचायची." अप्पा म्हणाले, अशी गोळी नाही. "मग कशाचे औषधवाले तुमी?" असं म्हणून ती गेली. तिनं अप्पांवर विश्वास ठेवला नाही असं सगळे म्हणतात. मला वाटतं, तिनं पूर्ण विश्वास ठेवला. नाहीतर आवाज खाली कशाला आणला असता?

उदगीरकर आले ते येळवशीला. त्या अमावास्येला आमच्या भागात गाव रिकामं होतं, सगळे शेतावर. कडब्याची कोप उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, पिकात आंबील शिंपडायची आणि दिसेल त्याला जेवायला बसवायचं. विठ्ठलअण्णांचं आम्हाला दर वर्षी बोलावणं असायचं. आमची पंगत जराशी बाजूला, बांधाला धरून, पण वाढणारा हात कधी आखडला नाही. तुरीच्या, हरभऱ्याच्या, पावट्याच्या कोवळ्या दाण्यांची घट्ट भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, मडक्यातली गार आंबील. त्या ताटातलं सगळं अंबूला चालणारं होतं. गव्हाची तेवढी खीर सोडून.

अंबू हिरव्या साडीत पाहुण्यांच्या पंगतीत बसली होती. उंडे खाल्ले, भज्जी खाल्ली, खिरीला हात लावला नाही. प्रकाशची आई माणूस प्रेमळ, तिच्या लक्षात आलं. "पोरीला गोड चालत न्हाई काय?" तिनं हसत विचारलं. सगळी पंगत थांबली. अप्पा बांधावरून अर्धे उठले. "अक्का..." एवढंच म्हणाले. गिरजाकाकू खिरीचं भांडं घेऊन तरातरा आमच्याकडे आली, अप्पांच्या ताटात डाव भरून खीर ओतली आणि त्यांच्याकडे बघत म्हणाली, "खावा, अण्णा. नैवेद्य हाय." तिचे डोळे भरले होते. अप्पा खाली बसले. त्यांनी बोटानं खीर तोंडाला लावली. पलीकडे अंबूनं वाटी उचलली आणि संपवली, आणि प्रकाशच्या आईनं कौतुकानं तिला परत वाढली.

त्या दिवशी अंबूला काहीही झालं नाही. झालं असतं तर किती बरं झालं असतं! तिथल्या तिथं उलटी झाली असती, पोट धरून लोळली असती, तर कुणीतरी मानलं असतं. पण हे दुखणं तसं नाही, ते सावकाश पोखरतं. दुसऱ्या दिवशी काकू मुद्दाम दुकानावरून गेली आणि पायरीवरूनच म्हणाली, "बगा, अण्णा. काय झालं? काहीच न्हाई." लग्न ठरलं, झालं. अंबू पोळीच्या घरी पडली.

सासरचे वाईट होते असं कुणी म्हणू नये. तिला त्यांनी काम कमी सांगितलं, खायला भरपूर घातलं, आणि ती वाळायला लागली तसं जास्तच घातलं. दोन वर्षांनी माहेरी येऊन परत उदगीरला निघताना ती आणि प्रकाश दुकानात आले. तिला दिवस गेले होते. ओठ पुन्हा शाळेतल्यासारखे पांढरे. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. "रक्त वाढायचं औषध द्या," प्रकाश म्हणाला. अप्पांनी बाटली काढली, ठेवली, आणि अंबूकडे पाहिलं. "सांगू का, बाळ?" त्यांनी विचारलं. तिनं मान डोलावली.

मग त्यांनी प्रकाशला सगळं सांगितलं. हैदराबाद, बाटली, येळवस, काही झाकून ठेवलं नाही.  प्रकाश चिडला नाही. खाली बघत ऐकत राहिला, आणि मग बायकोला म्हणाला, "मला कामून सांगितलीस न्हाई? भाकर खायला काय लाज हाय व्हय?" अंबू रडायला लागली. रडता रडता हसली. प्रकाश अप्पांना म्हणाला, "आज घरी गेलो की आईला सांगतो, साहेब. घरात पोळीच करायची न्हाई. समदेच भाकर खाताव." माझ्या छातीवरचा दगड उतरला. अप्पा म्हणाले, "नुसती पोळी न्हाई, बाबा, आणखी बी..." तेवढ्यात बाहेर कंडक्टर उदगीर, उदगीर ओरडायला लागला, घंटी वाजली, आणि दोघं पिशव्या उचलून पळाले.

मी काउंटरवरून बघत होते. अंबूला खिडकीशी बसवून प्रकाश परत खाली उतरला, स्टँडच्या बेकरीत गेला आणि धावत बसमध्ये चढला. त्याच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. त्यानं तो दातानं फोडला आणि बायकोपुढे धरला. अशक्त माणसाला प्रवासात काहीतरी हलकं. अंबूनं माझ्याकडे पाहिलं. बिस्किटात काय असतं हे त्या बसमध्ये एकट्या तिला ठाऊक होतं. पण सासरकडून पहिल्यांदाच तिच्या बाजूनं बोललेल्या माणसाला ती नाही कशी म्हणणार? तिनं एक घेतलं आणि तोंडात घातलं.

"अप्पा!" मी ओरडले. गिऱ्हाईक असताना अप्पा काउंटर सोडत नसत. त्या दिवशी ते चपला न घालता रस्त्यावर धावले, हात वर करून ओरडत, "बिस्किट न्हाई! प्रकाश, बिस्किट बी न्हाई!" पानपट्टीवरची माणसं हसायला लागली. बस वळली. बाळंतपणात अंगात रक्त नाही म्हणून अंबू गेल्याचा निरोप आला तो त्यानंतर काही महिन्यांनी, पण माझ्यासाठी ती त्या वळणावरच गेली. प्रकाशला वाटलं, म्हातारा निरोप द्यायलाय. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि तो पुडा आमच्याकडे बघून हलवत राहिला.